दूधगंगेपर्यंतचा नियम

६ जानेवारी २०२५, सोमवार. सकाळी ७.१०
कालचा प्रकार लिहून ठेवतो. पुढं कोणी तिखटमीठ लावून सांगितला तर आपल्याकडं पुरावा असावा.

दीप्ती शनिवार-रविवार निपाणीला आलती. तिला बेळगावला, अनगोळला सासरी सोडायला मी गाडी काढली. पोरीला सहावा सरत आलाय. हत्तरगीच्या पुढं कागलच्या गोडाऊनवाल्याचा फोन आला. ठिबकच्या पाईपचा लोड कधी सोडू, एवढंच तो विचारत होता आणि एवढंच मी सांगत होतो. तेवढ्यात उसाची ट्रॉली आडवी आली. मागं रिफ्लेक्टर नाही, लाल फडकं नाही. ब्रेक दाबला, गाडी थांबली. मधे चांगलं हातभर अंतर होतं. दीप्ती म्हणते चार बोटं. ती त्या वेळी दोन्ही हात पोटावर धरून डोळे मिटून बसली होती, तिला अंतर कुठून दिसलं?

अनगोळ आलं. उतरताना म्हणाली, आप्पा, सोळा फेब्रुवारीला तुम्ही मला बाळंतपणाला न्यायला येणार. तोवर गाडी चालवताना फोनला हात लावायचा न्हाई. एक जरी चलन आलं तरी मी तुमच्या गाडीत बसणार न्हाई, आदर्शमामाला बोलवून घेईन.

आदर्श म्हणजे चंदनाचा धाकटा भाऊ, राहणार सदलगा. गाडी चाळीसच्या वर नेत नाही. त्याला सायकलवाले ओव्हरटेक करतात आणि वळून बघतात.

पहिल्या बाळंतपणाला लेकीला बापानं जाऊन आणायचं, ही आमच्या घरची रीत. माझ्या बहिणीला, गुणाआक्काला, वडिलांनी बोरगावहून बैलगाडीतून आणलं होतं. एका हातात कासरा, दुसऱ्या हातात तंबाखूची चंची. कोणी चलन फाडलं नाही. दीप्तीलाही मीच आणणार.

७ जानेवारी, मंगळवार
सकाळी बस्तीत जाऊन जिनदेवासमोर नियम घेतला. गाडी चालवताना फोन हातात धरणार नाही. मुदत सोळा फेब्रुवारी. चंदना शेजारी उभी होती. ती म्हणाली, मुदत कशाला, कायमचाच घ्या की. बायकांना नियमातलं शास्त्र कळत नाही. झेपेल तेवढंच घ्यावं.

दहाला रोजच्यासारखा कागलच्या गोडाऊनला निघालो. कोगनोळीपर्यंत सहा फोन आले. एकही घेतला नाही. सहाव्याला घाम फुटला.

तेव्हा एक विचार सुचला, तो नोंदवतो. आपल्यात दिग्व्रत असतं. माणूस ठरवून घेतो, अमुक नदीच्या पलीकडं आपण व्यवहार करणार नाही. म्हणजे व्रताला हद्द असते. मग माझ्या नियमाला का नसावी? माझी गाडी केए तेवीस, चिकोडीची. चलन फाडलं तर कर्नाटकचे पोलीस फाडणार. दूधगंगेचा पूल ओलांडला की महाराष्ट्र. तिथल्या पोलिसांना चिकोडीच्या गाडीचं काय पडलंय? तेव्हा नियम दूधगंगेपर्यंत. पलीकडं मोकळीक.

पूल ओलांडला आणि सहाही जणांना फोन लावले. कागल येईपर्यंत सगळे उरकले. मन प्रसन्न.

९ जानेवारी, गुरुवार
नियम उत्तम चाललाय. संध्याकाळी कागलहून परत येताना दीप्तीला फोन केला. सांगितलं, आजचा तिसरा दिवस, फोनला हात नाही. ती म्हणाली, मग आता कुठून बोलताय? मी म्हणालो, गाडी बाजूला घेतलीय गं. हे खोटं नाही. गाडी डाव्या बाजूनंच चालली होती.

पोरगी खूश झाली. डॉक्टरांनी काय सांगितलं, सासूबाईंनी कुठली भाजी केली, बाळ कधी लाथ मारतं, सगळं सांगितलं. असं एरवी बोलत नाही.

रोज ह्याच वेळी फोन करायचा, असं ठरवलं.

१३ जानेवारी, सोमवार
एक अडचण. आमच्यात सूर्य मावळायच्या आत जेवायचं. कागलहून साडेपाचला निघालं तर सहापर्यंत घर, हातपाय धुवून ताटावर. वाटेत खरोखर गाडी थांबवून बोलत बसलो तर जेवण चुकणार. म्हणजे एक नियम पाळायचा तर दुसरा मोडायचा. मोठा नियम कुठला, हे लहान पोर पण सांगेल.

दुसरी अडचण. दीप्तीचं बोलणं पुलाच्या अलीकडं येईपर्यंत संपत नाही. आज पुलावर तिला तोडणार होतो, पण ती बाळाच्या नावाचं बोलत होती. मुलगी झाली तर काय आणि मुलगा झाला तर काय. अशा वेळी बापानं फोन ठेवायचा? तेव्हा पोटनियम केला. जो फोन महाराष्ट्रात सुरू झाला, तो संपेपर्यंत महाराष्ट्राचाच.

आजचा फोन निपाणीत, दारात संपला.

१६ जानेवारी, गुरुवार
हँड्सफ्री आणलं. कानात घालायचं, लहानसं, शेंगदाण्याएवढं. दुकानदार म्हणाला, आता बिनधास्त बोला. कायद्याचा प्रश्नच मिटला म्हणायचा.

दुपारी ४. मिटला नाही. कोगनोळीजवळ ते कानातून निसटलं आणि ब्रेकच्या खाली गेलं. दीप्ती लाईनवर होती, बोलत होती, पण पायाखालून. एका हातानं सापडेना. हँड्सफ्री शोधायला दोन्ही हात लागले. गाडी जरा कच्च्या रस्त्यावर उतरली. एक म्हैस बघत होती, तिला काही झालं नाही.

हे उपकरण धोकादायक आहे. ड्रॉवरमध्ये टाकलं.

१८ जानेवारी, शनिवार
नियमाचे शब्द पुन्हा तपासले. फोन 'हातात' धरणार नाही, असं म्हटलंय. खांदा आणि कान यांच्यात धरला तर नियमाला धक्का लागत नाही. आज दिवसभर तसं केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर. सुरक्षिततेत वाढ.

२० जानेवारी, सोमवार
मान धरलीय. डावीकडचं काही दिसत नाही. चंदनानं तेल लावलं. कशानं झालं म्हणून विचारत होती. उशी बदलायला हवी म्हणून सांगितलं. तिनं नवी उशी शिवायला घेतली. फार सरळ बाई आहे.

२२ जानेवारी, बुधवार
आज पकडलो गेलो. म्हणजे थांबवण्यात आलं.

आमच्याच निपाणीत, चौकात. ट्रॅफिकच्या पीएसआय मॅडम नवीन आहेत, आणि त्यांच्याबरोबर हवालदार परशराम. परशराम आणि मी शाळेत एका बाकावर होतो. त्याला बघून मला धीर आला. मी मान वाकडी ठेवूनच हात वर केला, काय रं परशा म्हणालो. तो म्हणाला, सुकुमार, आधी फोन ठेव, मग ओळख दे.

मी मॅडमना शांतपणे समजावलं, की फोन हातात नव्हता, खांद्यावर होता. त्यांनी आधी कन्नडमध्ये सांगितलं, मग स्वच्छ मराठीत, म्हणजे मला कळलं नाही असं म्हणायला वाव उरू नये. म्हणाल्या, खांदा पण तुमचाच आहे ना. दंड तिथंच भरला, त्यांनी मशीनमधून कागद काढून दिला. मागं आठ-दहा मोटारसायकली थांबल्या होत्या, सगळे ओळखीचे. परशरामनं जाताना कानात सांगितलं, परत झालं तर लायसन आरटीओकडं जाईल बघ, तीन महिने. मी म्हणालो, मला ओळखतोस तू. तो म्हणाला, व्हय, म्हणूनच सांगतोय.

आता ह्याला चलन म्हणायचं का? दीप्ती म्हणाली होती, चलन 'आलं' तर. हे आलं नाही. मीच तिथं गेलतो, आणि तिथंच संपवून आलो.

२३ जानेवारी, गुरुवार
दीप्तीनं विचारलं, सगळं ठीक न्हवं? ठीक म्हणालो. मग ती बराच वेळ गप्प होती. मी हॅलो हॅलो केलं. रेंज गेली असावी. पुलावर जातेच.

२७ जानेवारी, सोमवार
एक उत्तम काम केलं. रस्ता सुरक्षेचा महिना चाललाय. व्यापारी मंडळातर्फे हायवेच्या कडेला बोर्ड लावायचे होते. एक मी माझ्या दुकानाच्या नावानं दिला. 'बोलणं थांबू शकतं, जीव थांबला तर?' आणि खाली माझं नाव, दुकानाचं नाव, मोबाईल नंबर. वाक्य माझंच. परशरामला मुद्दाम दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं आणि चहा पण न पिता गेला. भारावला असावा.

३१ जानेवारी, शुक्रवार
बोर्डावरचा नंबर बघून चांगले फोन येतात. चालत्या गाडीतूनच करतात लोक, मागचा वाऱ्याचा आवाज ऐकू येतो. बेजबाबदार.

३ फेब्रुवारी, सोमवार
मोबाईलवर सारखे मेसेज येतायत. तुमच्या गाडीवर चलन आहे, ह्या लिंकवर बघा. आज चौथा. मी पेपर वाचतो, असल्या लिंकवर बोट लावलं की बँकेतला पैसा गायब होतो. शिकलेली माणसं फसतात. मी चारही पुसून टाकले. ह्यात तर महाराष्ट्राचं नाव घालून पाठवलं होतं. चोरांना एवढंही कळत नाही की गाडी कर्नाटकची आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार
दहा दिवस राहिले. गाडी धुवून घेतली. मागच्या सीटवर नवीन कव्हर. पाळण्याची ऑर्डर दिली, सागवानी, नक्षीवाला. सुतारानं माप सांगितलं ते लगेच दीप्तीला कळवलं. ती म्हणाली, आप्पा, कुठाय तुम्ही? म्हणालो, बाजूला घेतलीय. आजकाल ती हे रोज विचारते. पहिलटकरीण आहे, जीव हळवा होतो.

आदर्शचा फोन आलता. सोळा तारखेला येऊ का म्हणत होता. गरज नाही म्हणून सांगितलं. त्याला कोणी विचारलंय?

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३
काय लिहावं कळत नाही. तरी लिहितो.

दीप्तीचा फोन आला. मी घरात होतो, हे बरं. तिनं हॅलो पण म्हटलं नाही, यादी वाचायला सुरुवात केली. गाडीचा नंबर घातला की कोणालाही बघता येतं म्हणे, सरकारच्या साईटवर. कर्नाटकचं वेगळं, महाराष्ट्राचं वेगळं, असं काही नाही. सगळ्या देशाचं एकाच जागी दिसतं. दूधगंगा त्यांच्या हिशेबातच नाही. बावीस जानेवारीचं, निपाणी चौकातलं, ते तिला त्याच रात्री दिसलं होतं. नंतरची पाच, हायवेच्या कॅमेऱ्यानं काढलेली. फोटोसकट. म्हणजे ते मेसेज चोरांचे नव्हते.

एका फोटोत माझ्या मागं बोर्ड आहे. माझं नाव वाचता येतं, असं ती म्हणाली.

मी म्हणालो, कामाचे फोन असतात गं, धंदा आहे, लोक थांबत नाहीत. तर म्हणाली, आप्पा, वेळ बघा. पाच पन्नास. पाच सत्तेचाळीस. पाच बावन्न. ह्या वेळेला तुम्ही माझ्याशी बोलत होता. दरवेळी मी विचारलं कुठाय, दरवेळी तुम्ही सांगितलं बाजूला घेतलीय. मला काय वाटलं असंल? तुम्हाला काही झालं असतं तर मी ऐकत बसले असते.

मग जावयांनी फोन घेतला. अभिनंदनराव सभ्य माणूस, आवाज चढवत नाहीत. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की सहा तारखेच्या फोटोत एक हात कानाला आहे आणि दुसरा हात हवेत आहे, तो कशासाठी? मी म्हणालो, पाळणा केवढा आहे ते दाखवत होतो. फोनवरून दिसत नाही, हे मलाही मान्य आहे.

स्टिअरिंगवर कोणाचाच हात नव्हता.

संध्याकाळी ७
चंदनाला सगळं कळलंय. ताट वाढून दिलं. शिवून झालेली उशी कपाटावर ठेवली. सूर्य मावळेपर्यंत ताटावर बसून होतो. ताट तसंच राहिलं. फार वाईट वाटलं. पोरीशी बोलायला मिळतं म्हणून मी त्या वेळेची दिवसभर वाट बघायचो. हे तिला कसं सांगायचं? फोनवर सांगितलं तर फोन घेणार नाही म्हणते.

११ फेब्रुवारी, मंगळवार
परशराम दुकानात आला, आरटीओचा कागद घेऊन. लायसन तीन महिने बंद. मी म्हणालो, अरे सोळा तारखेनंतर कर, पोरीला आणायचंय, सतरापासून सहा महिने बंद ठेव. तो म्हणाला, सुकुमार, ही काय दुकानातली उधारी हाय व्हय, पुढच्या आठवड्यात देतो म्हणायला? लायसन दिलं. त्यानं ते पाकिटात घालताना माझा फोन वाजला. घे की म्हणाला, आता बसूनच हाईस. तरी मी घेतला नाही.

दीप्तीनं आदर्शला कळवलंय. मला कोणी विचारलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी दीप्तीला घरातून फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला. कुठाय म्हणाली. घरात, खुर्चीत म्हणालो. म्हणाली, व्हिडिओ करा. व्हिडिओ केला. खुर्ची दाखवली, भिंत दाखवली, कॅलेंडर दाखवलं. चंदनानं स्वयंपाकघरातून साक्ष दिली, व्हय गं, बसलेत. मग दीप्ती म्हणाली, बरं, बोला.

काही सुचेना. गाडीत बसलो की आपोआप सुचायचं. खुर्चीत बसून पोरीच्या तोंडाकडं बघत काय बोलायचं? जेवलीस का विचारलं. सकाळचे नऊ वाजले होते. ती हसली, पण लगेच आवरलं. तेवढं दिसलं, हा व्हिडिओचा एक फायदा.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८.४०
आदर्श सातलाच हजर. माझ्याच गाडीची किल्ली मागितली, कारण तिची सीट मोठी. दिली. त्यानं आरसे हलवले, सीट पुढं ओढली, पट्टा लावला, मग उतरून चारही टायर बघितले, परत बसला. चंदना आणि गुणाआक्का मागं. येताना दीप्ती आणि तिचं सामान. मी पुढं बसतो म्हणालो. गुणाआक्का म्हणाली, पुढं पोरीला पाय पसरायला पायजे, तू घरीच थांब, दारात पाणी आणि भाकरतुकडा तयार ठेव. बापानं आणायची रीत तिला आठवत नाही असं दिसतंय. तिलाच आणलं होतं.

दारात थांबणं हेही जबाबदारीचं काम आहे, असं ठरवलंय.

दुपारी १.१५
भाकरी झाकून ठेवलीय. तांब्या भरून ठेवलाय. दोनदा दारात जाऊन आलो. बेळगावहून साडेअकराला निघाले, असं जावयांनी कळवलं. पाऊणशे किलोमीटर. मी असतो तर एव्हाना जेवणं झाली असती. कुठपर्यंत आले तेवढं कळायला नको का माणसाला? आदर्शला फोन लावला, घेतला नाही. चंदनाचा फोन घरीच टेबलावर वाजला, विसरून गेलीय. दीप्तीचा बंद. ती झोपली असणार.

आदर्शला परत लावला. फोन न घेणं हा पण एक माजच. हातात नको धरू, स्पीकरवर टाक. एक शब्द बोल, संकेश्वर म्हण, तवंदी म्हण. घरात बाप बसलाय, त्याच्या जिवाला काय वाटत असेल, ह्याचा कोणी विचार करत नाही. घाटात उसाच्या ट्रॉल्या असतात.

परत लावतो.

सायंकाळी ५.१०
पावणेदोनला आले. दीप्ती सावकाश उतरली. तोंडावर तेज आहे, पाय सुजलेत. मी पायांवर पाणी घातलं, चंदनानं भाकरतुकडा ओवाळून टाकला. पोरगी उंबऱ्यात थांबली. माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाली, आप्पा, मामाचा फोन नऊ वेळा वाजला. तवंदीच्या घाटात तर सलग तीनदा. त्यानं एकदाबी बघितलं न्हाई, म्हणून आम्ही आलो.

मी मोजले नव्हते. आदर्श डिकीतून सामान काढत होता, त्यानं काही ऐकलं नाही असं दाखवलं. मी म्हणालो, तू कुठं आलीस तेवढंच बघायचं होतं गं. ती म्हणाली, ठाऊक हाय. आणि हात पुढं केला. मला वाटलं आत जायला आधार हवाय, म्हणून मी हात दिला. तिनं दुसऱ्या हातानं माझ्या खिशातला फोन काढला, आत गेली आणि फ्रिजवर ठेवला.

मग जेवणं झाली. ती माझ्या शेजारी बसली. बाळ लाथ मारत होतं तेव्हा माझा हात धरून पोटावर ठेवला. फ्रिजवर फोन दोनदा वाजला. मी उठलो नाही. वाटेत चंदना बसली होती.